जॉन डाल्टन

जॉन डाल्टन (६ सप्टेंबर १७६६ – २७ जुलै १८४४) हे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, हवामानाचे अभ्यासक व शिक्षक होते. आधुनिक अणुसिद्धांताचे जनक म्हणून ते जगभर ओळखले जातात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना त्यांचे नाव बहुधा शाळेतील अणूच्या पाठातच प्रथम भेटते. रंगांधतेचे पहिले पद्धतशीर वर्णनही डाल्टन यांनीच केले आणि ते स्वतःच्या डोळ्यांवरून केले, ही बाजू मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. आपल्याला रंग वेगळे का दिसतात, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर चुकीचे होते. ते मृत्यूनंतर पडताळून पाहावे, अशी सूचना त्यांनीच देऊन ठेवली होती. खरे उत्तर मिळायला आणखी सुमारे दीडशे वर्षे लागली. १९९५ मध्ये त्यांच्या जतन केलेल्या डोळ्यांच्या अवशेषांतून डीएनए काढण्यात आला आणि प्रकाशाचा संकेत पेशीत पोहोचविणाऱ्या एका ग्राही प्रथिनाचे जनुकच त्यात नसल्याचे दिसून आले.

बालपण

डाल्टन यांचा जन्म इंग्लंडच्या वायव्येकडील कंबरलँड परगण्यात, कॉकरमाउथजवळच्या ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. वडील जोसेफ हे विणकर होते. आईचे नाव डेबोरा. कुटुंब क्वेकर पंथाचे होते. साधा पोशाख, बेताचे बोलणे आणि ऐषारामापासून दूर राहणे ही या पंथाची शिकवण डाल्टन यांच्या अंगी जन्मभर राहिली. घरची स्थिती बेताचीच होती. पार्डशॉ हॉल येथील क्वेकर शाळेत जॉन फ्लेचर यांच्या हाताखाली त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. गावातील एलिहू रॉबिन्सन हे सधन क्वेकर गृहस्थ हवामानाची उपकरणे बाळगून होते व गणिताचे जाणकार होते. या मुलाची बुद्धी त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी त्याला गणिताची गोडी लावली.

वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी डाल्टन स्वतःच गावातील मुलांना शिकवू लागले. त्या वयाचा शिक्षक आज कोणी मान्य करणार नाही. पण त्या काळच्या खेड्यात शिकलेला मुलगा हाच उपलब्ध शिक्षक असे.

पुढे वैद्यक वा कायदा शिकावा असे त्यांच्या मनात होते, परंतु नातेवाइकांनी प्रोत्साहन दिले नाही. शिवाय अधिकृत चर्चच्या बाहेरील पंथीयांना ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या पदवीची वाट त्या काळी बंदच होती. त्यामुळे डाल्टन यांचे पुढील सर्व शिक्षण विद्यापीठाबाहेर, पुस्तकांतून, मोजमापांतून आणि काही उदार माणसांच्या सहवासात झाले.

केंडल येथील वर्षे

१७८१ मध्ये, पंधराव्या वर्षी, ते केंडल येथील क्वेकर शाळेत थोरले भाऊ जोनाथन यांच्याबरोबर साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. १७८५ मध्ये दोघा भावांनी ती शाळा चालविण्यास घेतली. केंडलमध्ये त्यांना जॉन गॉफ हे गुरू लाभले. लहानपणी देवी येऊन गॉफ यांची दृष्टी गेली होती, तरीही गणित, लॅटिन, ग्रीक व निसर्गविज्ञान यांत त्यांची गती मोठी होती. वनस्पती ते स्पर्शाने ओळखत. ज्याला रंगांतला भेद उमगत नव्हता अशा शिष्याला ज्याला काहीच दिसत नव्हते अशा गुरूने निसर्गाचे निरीक्षण शिकवावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

गॉफ यांच्याच सल्ल्याने डाल्टन यांनी २४ मार्च १७८७ रोजी हवामानाची दैनंदिनी लिहिण्यास सुरुवात केली. तापमान, हवेचा दाब, पाऊस, वारा यांच्या नोंदी ते सत्तावन्न वर्षे करीत राहिले. या नोंदींची संख्या दोन लाखांवर गेली असे मानले जाते. आसपासच्या सरोवर-प्रदेशातील हेल्वेलिन पर्वतावर ते वारंवार चढून जात व तेथे हवेचे मापन करीत. १७९३ मध्ये त्यांचे हवामानविषयक निरीक्षणांचे व निबंधांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

रंगांचा प्रश्न

रंगांची नावे घेताना आपली गल्लत होते हे डाल्टन यांना लहानपणापासून जाणवत असे. परंतु हा दोष नावांचा आहे, दृष्टीचा नव्हे, अशी त्यांची समजूत होती. एखादे फूल निळे आहे की गुलाबी, असे ते अगदी गंभीरपणे विचारीत आणि लोकांना तो विनोद वाटे. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास सुरू केल्यावर ही अडचण टाळण्याजोगी राहिली नाही, कारण वनस्पतींच्या वर्णनात फुलांचा रंग पदोपदी येतो.

१७९२ च्या शरदऋतूत जिरेनियमच्या एका गुलाबी फुलाने या कोड्याला वाचा फोडली. दिवसाच्या उजेडात ते फूल डाल्टन यांना आकाशी निळे दिसे. रात्री मेणबत्तीच्या प्रकाशात पाहिले तेव्हा ते तांबडे दिसले, निळ्याचा मागमूसही नव्हता. त्यांनी ओळखीच्या माणसांना फूल दाखविले. दोन्ही वेळी त्यात विशेष फरक नाही असेच बहुतेकांनी सांगितले. भाऊ जोनाथन यांना मात्र डाल्टन यांच्याप्रमाणेच फरक दिसला. दोष नावांचा नसून दृष्टीचा आहे आणि तो घराण्यात आहे, हे या एका फुलामुळे त्यांच्या लक्षात आले.

पुढची दोन वर्षे त्यांनी स्वतःच्या दृष्टीची तपासणी जणू परक्या माणसाची करावी तशी तटस्थपणे केली. इतरांना वर्णपटात सहा रंग दिसतात, तिथे आपल्याला दोन किंवा फार तर तीन दिसतात, असे त्यांनी नोंदविले. ते म्हणजे पिवळा, निळा आणि कदाचित जांभळा. वर्णपटाचा तांबडा भाग त्यांना अंधूक सावलीसारखा भासे. पत्रे बंद करण्याची तांबडी लाख आणि लॉरेलचे हिरवे पान त्यांना सारख्याच रंगाचे वाटत. रक्ताचा रंग बाटलीच्या गर्द हिरव्या काचेसारखा दिसे. अशाच दृष्टीच्या इतर माणसांचाही त्यांनी शोध घेतला. मेरीपोर्ट या बंदरातील हॅरिस नावाच्या कुटुंबात काही भावांना असाच अनुभव येत असल्याचा वृत्तान्त १७७७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याचा त्यांनी पाठपुरावा केला. आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही त्यांनी प्रश्न विचारले आणि पंचवीस मुलांच्या एका वर्गात आपल्यासारखे दोघे निघाल्याचे नोंदविले. हा दोष सख्ख्या भावांत आढळतो, आईवडिलांत व मुलांत सहसा आढळत नाही आणि स्त्रियांत तर एकही उदाहरण ऐकिवात नाही, हे त्यांचे निरीक्षण आनुवंशिकतेचे शास्त्र जन्मास येण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

३१ ऑक्टोबर १७९४ रोजी मँचेस्टरच्या वाङ्मयीन व तत्त्वज्ञान संस्थेपुढे त्यांनी या विषयावरील निबंध वाचला. संस्थेचे सदस्य झाल्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच निबंध होता व तो १७९८ मध्ये छापून आला. दोषाचे कारणही त्यांनी सुचविले होते. डोळ्याच्या आतील पोकळी ज्या पारदर्शक काचाभ द्रवाने भरलेली असते तो आपल्या डोळ्यांत निळसर रंगाचा असावा आणि तांबडे किरण तो शोषून घेत असावा, असा त्यांचा तर्क होता. निळ्या काचेतून पाहणाऱ्यास तांबडी वस्तू काळपट दिसते, त्यावरून त्यांना हा तर्क सुचला.

थॉमस यंग यांना तो पटला नाही. काचाभ द्रव निळा असल्याचे कोणाही शरीरशास्त्रज्ञाने पाहिलेले नाही. त्यापेक्षा दृष्टिपटलातील तांबडा रंग जाणणारे तंतू डाल्टन यांच्या डोळ्यांत नसावेत असे मानणे अधिक सोपे आहे, असे मत त्यांनी १८०७ मध्ये मांडले. डोळ्यात तीन प्रकारची संवेदनक्षम रचना असते ही यंग यांची मूळ कल्पना होती. डाल्टन यांनी ती स्वीकारली नाही व आपला निळ्या द्रवाचा तर्क अखेरपर्यंत सोडला नाही.

आईसाठी साध्या रंगाचे समजून आणलेले रेशमी मोजे प्रत्यक्षात लालभडक निघाले आणि क्वेकर आईस ते पाहून धक्का बसला, अशी एक कथा डाल्टन यांच्याविषयी सांगतात. ती मनोरंजक असली तरी आख्यायिका म्हणूनच घ्यावी. डाल्टन यांनी स्वतः शोधाचे श्रेय जिरेनियमलाच दिले आहे.

मँचेस्टर व अणुसिद्धांत

१७९३ मध्ये डाल्टन मँचेस्टरच्या न्यू कॉलेजात गणित व निसर्गविज्ञानाचे शिक्षक झाले. अधिकृत चर्चबाहेरील पंथीयांसाठी ही संस्था चालविली जात असे. १८०० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढे खासगी शिकवण्यांवर उदरनिर्वाह केला. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रजी व्याकरणावरही एक पुस्तक लिहिले. ते अविवाहित राहिले. जॉर्ज स्ट्रीटवर जॉन्स कुटुंबाकडे त्यांचा मुक्काम दोन तपांहून अधिक काळ होता, आणि प्रयोग व शिकवणी वाङ्मयीन व तत्त्वज्ञान संस्थेच्या वास्तूत चालत. दर गुरुवारी दुपारी ते बोल्स हा चेंडूंचा मैदानी खेळ खेळावयास जात. यापलीकडे त्यांच्या करमणुकीची फारशी नोंद नाही.

अणुसिद्धांताकडे ते हवामानाच्या वाटेने आले. हवेत पाण्याची वाफ कशी सामावते, जड व हलके वायू थरांत वेगळे न होता एकमेकांत कसे मिसळून राहतात, या प्रश्नांतून त्यांनी १८०१ मध्ये आंशिक दाबाचा नियम मांडला. मिश्रणातील प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्रपणे देतो आणि एकूण दाब ही त्यांची बेरीज असते, असा तो नियम आहे. मग निरनिराळे वायू पाण्यात कमीजास्त का विरघळतात, याचा विचार करताना त्यांच्या सूक्ष्मतम कणांच्या वजनांकडे त्यांचे लक्ष गेले. २१ ऑक्टोबर १८०३ रोजी वाचलेल्या व १८०५ मध्ये छापलेल्या निबंधाच्या अखेरीस सापेक्ष अणुभारांचे पहिले कोष्टक आहे. हायड्रोजनचा भार १ धरून इतरांचे भार त्यात दिले आहेत.

प्रत्येक मूलद्रव्याचे अणू परस्परांशी एकरूप असतात, भिन्न मूलद्रव्यांचे अणू भिन्न वजनाचे असतात, आणि संयुगात ते लहान पूर्णांकी प्रमाणांत एकत्र येतात, हे प्रतिपादन १८०८ मध्ये त्यांच्या रसायनशास्त्राच्या नव्या पद्धतीवरील ग्रंथाच्या पहिल्या भागात सविस्तर आले. त्यांनी प्रत्येक अणूसाठी वर्तुळाकार चिन्हे योजिली. बर्झेलियस यांची अक्षरचिन्हे त्यांना कधीच आवडली नाहीत, पण जगाने तीच उचलली. डाल्टन यांचे आकडे पुष्कळ ठिकाणी चुकले. पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा एकेकच अणू असतो असे गृहीत धरल्याने ऑक्सिजनचा भार त्यांनी आधी साडेपाच व नंतर सात दिला. गे-ल्यूसॅक यांचा वायूंच्या घनफळांचा नियमही त्यांनी नाकारला. मात्र अदृश्य अणूला वजन देता येते आणि ते मोजता येते, ही कल्पना एकदा रुजल्यावर आकडे दुरुस्त करणे पुढच्या पिढीचे काम झाले.

१८१७ पासून मृत्यूपर्यंत ते संस्थेचे अध्यक्ष होते. १८२२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १८२६ मध्ये तिचे रॉयल पदक आणि १८३० मध्ये हम्फ्री डेव्ही यांच्या जागी फ्रेंच विज्ञान अकादमीचे परदेशी सभासदत्व त्यांना मिळाले. १८३३ मध्ये सरकारने दीडशे पौंडांचे वार्षिक निवृत्तिवेतन मंजूर केले व १८३६ मध्ये ते दुप्पट केले. त्यांच्या विद्यार्थ्यांत जेम्स प्रेस्कॉट जूल यांचे नाव येते.

ज्या ऑक्सफर्डची पदवी क्वेकर तरुणास घेता येत नव्हती त्याच विद्यापीठाने १८३२ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्या पदवीचा झगा किरमिजी लाल असतो. १८३४ मध्ये राजे चौथे विल्यम यांच्या भेटीस जाताना दरबारी पोशाखातील तलवार क्वेकर धर्माला मान्य नसल्याने हाच झगा चढवावा असे ठरले. लाल रंगही क्वेकरांना वर्ज्यच. पण डाल्टन यांना तो लाल दिसतच नसल्याने त्यांची काही हरकत नव्हती, अशी हकीकत चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे.

मृत्यू व शवविच्छेदन

१८३७ व १८३८ मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले व वाणी अडखळू लागली. मे १८४४ मध्ये पुन्हा झटका आला. २६ जुलै रोजी थरथरत्या हाताने त्यांनी हवामानाची शेवटची नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. मँचेस्टरच्या नगरभवनात ठेवलेल्या पार्थिवाचे दर्शन सुमारे चाळीस हजार लोकांनी घेतल्याचे सांगतात. साधेपणाच्या पंथातील माणसाचा एवढा थाटाचा अंत्यविधी काही क्वेकरांना रुचणे कठीणच होते.

डाल्टन यांच्या इच्छेनुसार त्यांचे वैद्य जोसेफ रॅन्सम यांनी डोळ्यांची तपासणी केली. एका डोळ्यातील द्रव त्यांनी घड्याळाच्या काचेत काढून पाहिले. काचाभ द्रव पूर्णपणे स्वच्छ व रंगहीन होता. नेत्रभिंगाला किंचित पिवळसर छटा होती, पण सत्याहत्तर वर्षांच्या माणसात ती अपेक्षितच असते. दुसऱ्या डोळ्याचा मागचा भाग कापून रॅन्सम यांनी त्यातून तांबड्या व हिरव्या वस्तू पाहिल्या. रंगांत काहीही फरक पडला नाही. निळ्या द्रवाचा तर्क तिथेच संपला. दोष भिंगाच्या मागे, दृष्टिपटलात किंवा मेंदूत असला पाहिजे एवढेच उरले. रॅन्सम यांनी डोळे टाकून दिले नाहीत, ही पुढच्या काळाच्या दृष्टीने मोठी गोष्ट झाली. ते वाळलेले अवशेष संस्थेने सांभाळून ठेवले. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात संस्थेची वास्तू जळाली आणि डाल्टन यांची पुष्कळशी कागदपत्रे नष्ट झाली, परंतु डोळ्यांचे अवशेष वाचले.

१९९५ चे संशोधन

दरम्यान शास्त्र पुढे गेले होते. १९११ मध्ये एडमंड विल्सन यांनी रंगांधतेचे कारण एक्स गुणसूत्रावर असल्याचे दाखवून दिले; मानवाच्या विशिष्ट गुणसूत्राशी जोडला गेलेला हा पहिलाच गुणधर्म होय. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असते व ते आईकडून येते. त्यावरील जनुक सदोष असले तर त्याची उणीव भरून काढणारी दुसरी प्रत नसते. स्त्रीत अशी दोन गुणसूत्रे असल्याने ती बहुधा केवळ वाहक राहते. जॉन व जोनाथन या दोघांतही दोष होता, त्यावरून तो त्यांना आई डेबोरा यांच्याकडून आला असला पाहिजे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना तांबड्या-हिरव्या रंगांच्या भेदात काही ना काही अडचण असते. स्त्रियांत हे प्रमाण अर्धा टक्का आहे.

१९८६ मध्ये जेरेमी नेथन्स व सहकाऱ्यांनी रंग जाणणाऱ्या प्रथिनांची जनुके वेगळी केली. दृष्टिपटलातील शंक्वाकार पेशी तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीत ऑप्सिन नावाच्या प्रथिनाचा वेगळा प्रकार असतो. लांब, मध्यम व आखूड लहरींना ते अनुक्रमे अधिक प्रतिसाद देतात. ऑप्सिन हे पेशीच्या पटलात सात वेळा आरपार विणलेले ग्राही प्रथिन आहे. जीवनसत्त्व अ पासून बनलेला रेटिनल हा रेणू त्याच्या कुशीत बसलेला असतो. प्रकाशकण पडताच रेटिनलचा वाकडा रेणू सरळ होतो, त्यामुळे ऑप्सिनचा आकार बदलतो, आणि पेशीतील ट्रान्सड्युसिन नावाचे जी प्रथिन जागे होते. त्यापुढे एक विकर कामाला लागते, पेशीतील एका निरोप्या रेणूचे प्रमाण घटते आणि पटलातील आयनांची दारे बंद होतात. या बदलातूनच प्रकाश पडल्याचा संकेत पुढच्या चेतापेशींना मिळतो.

लांब व मध्यम लहरींच्या ऑप्सिनांची जनुके एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी शेजारी आहेत आणि ३६४ अमिनो आम्लांच्या या दोन प्रथिनांत जेमतेम पंधरा ठिकाणी फरक आहे. इतक्या सारख्या दिसणाऱ्या जनुकांमुळे गडबड होते. बीजपेशी बनताना दोन गुणसूत्रे आपापले तुकडे बदलतात. तेव्हा एकाचे जनुक दुसऱ्याच्या शेजारच्या जनुकासमोर येऊन बसले तर एका गुणसूत्रावर एक जनुक जास्त होते आणि दुसऱ्यावर एक कमी.

डेव्हिड हंट, कंवलजित दुलाई, जेम्स बोमेकर व जॉन मोलन या संशोधकांनी डाल्टन यांच्या डोळ्यांच्या अवशेषांतील बारीक तुकडे घेऊन त्यांतील डीएनएच्या प्रती वाढविल्या. त्यांना लांब लहरींच्या ऑप्सिनचे जनुक मिळाले, मध्यम लहरींचे मिळाले नाही. म्हणजे डाल्टन यांच्या डोळ्यांत हिरव्या भागाला सर्वाधिक प्रतिसाद देणारा ग्राही नव्हता. यंग यांचा तर्क तत्त्वतः बरोबर होता, परंतु तांबड्याचा ग्राही नाही हे त्यांचे अनुमान चुकले होते. या प्रकारची रंगांधता सुमारे एक टक्का पुरुषांत आढळते.

डाल्टन यांनी केलेली निरीक्षणे या निष्कर्षाशी जुळतात. लांब व आखूड लहरींचे दोनच ग्राही असले की त्या दोहोंच्या तुलनेवरच रंग ठरतो. लाख आणि लॉरेलचे पान मग एकाच बाजूला पडतात. जिरेनियमची पाकळी तांबडा व निळा दोन्ही प्रकाश परावर्तित करते. दिवसाच्या प्रकाशात निळ्याचा वाटा पुरेसा असल्याने पारडे निळ्याकडे झुकते, आणि मेणबत्तीच्या प्रकाशात निळा अगदी कमी असल्याने ते दुसरीकडे झुकते. ज्याच्या डोळ्यांत तिसरा ग्राही आहे त्याला हा फरक सहसा जाणवत नाही.

ग्राही प्रथिनांतील दोष व मानवी व्याधी

रंगांधता ही व्याधी म्हणावी काय, याविषयी मतभेद होऊ शकतो. डाल्टन यांच्या आयुष्यात तिने मोठा अडथळा आणला असे दिसत नाही, मात्र भारतीय रेल्वेत इंजिन चालविणाऱ्यास रंगदृष्टीची चाचणी उत्तीर्ण व्हावीच लागते. पण ज्या कुळातील ग्राही त्यांच्या डोळ्यांत नव्हता, त्याच कुळातील प्रथिनांचे दोष गंभीर आजारही घडवितात, आणि त्या दोषांची तऱ्हा एकच नसते.

डाल्टन यांच्यात जनुकच नव्हते. काहींमध्ये जनुक असते, पण त्यातील एक अक्षर बदललेले असते. मंद प्रकाशात पाहण्यासाठी दंडाकार पेशींत र्‍होडॉप्सिन हा ऑप्सिनचा भाऊबंद असतो. त्याच्या साखळीतील तेविसाव्या स्थानी प्रोलिनऐवजी हिस्टिडिन आले तर प्रथिनाची घडी नीट बसत नाही. अशी बिघडलेली प्रथिने पेशीलाच जाचक ठरतात, दंडाकार पेशी मरत जातात, आधी रात्रीची दृष्टी जाते आणि मग दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आक्रसत येते. या रोगास रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात. हे उत्परिवर्तन १९९० मध्ये थॅडियस ड्रायजा व सहकाऱ्यांनी दाखविले. यात एक प्रत चांगली असूनही उपयोग होत नाही, कारण हानी उणिवेमुळे नव्हे तर बिघडलेल्या प्रथिनाच्या उपस्थितीमुळे होते. त्याच र्‍होडॉप्सिनमधील नव्वदाव्या स्थानचा बदल निराळेच करतो. तिथे ग्राही अंधारातही चालूच राहतो, त्यामुळे पेशीला अंधुक प्रकाश वेगळा कळत नाही आणि जन्मतःच रातांधळेपणा येतो, मात्र तो वाढत जात नाही.

डोळ्याबाहेरही हेच दिसते. मूत्रपिंडात पाणी राखण्याचा आदेश घेणारा व्हॅसोप्रेसिनचा ग्राही एक्स गुणसूत्रावरील जनुकातून बनतो. त्यात दोष असलेल्या मुलाचे शरीर संप्रेरक भरपूर असूनही पाणी राखू शकत नाही. तान्ह्या वयात निदान न झाल्यास निर्जलीकरणाने मेंदूला इजा होऊ शकते. त्याचा साखरेच्या मधुमेहाशी संबंध नाही. अवटू ग्रंथीच्या उत्तेजक संप्रेरकाचा ग्राही काही उत्परिवर्तनांमुळे संप्रेरकावाचूनच चालू राहतो आणि ग्रंथी गरजेहून अधिक स्राव करीत राहते. अशा रुग्णास बाहेरून संप्रेरक देणे वा त्याची पातळी मोजणे पुरेसे नसते, हे वैद्यकाला ग्राहीचा दोष समजल्यानंतरच उमगले.

स्मृती

फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन इत्यादी भाषांत रंगांधतेस डाल्टन यांच्या नावावरून शब्द रूढ आहे. प्रथिनांसारख्या रेणूंचे वस्तुमान डाल्टन या एककात मोजतात, ऑप्सिनचेही. मँचेस्टरच्या नगरभवनात फ्रान्सिस चँट्री यांनी घडविलेला त्यांचा पुतळा आहे.

२००९ मध्ये सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जे व मॉरीन नीट्झ यांच्या गटाने जन्मतः तांबडा-हिरवा भेद न कळणाऱ्या दोन प्रौढ खारमाकडांच्या दृष्टिपटलात विषाणूच्या साहाय्याने मानवी ऑप्सिनचे जनुक घातले. काही आठवड्यांनी ती माकडे पूर्वी न ओळखता येणारे रंगीत ठिपके ओळखू लागली. त्यांतील एका माकडाचे नाव डाल्टन होते.